आकडा कुठनं आला ते दाखवा, पण माणूस उघडा पाडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा मोठं झालंय, पण विषय असा आहे की चार ओळीत भागणार नाही, जमलं तर न कापता छापा.

हल्ली सगळीकडं एकच मागणी ऐकू येते, आकडा सांगितलात ठीक आहे, पण तो आला कुठनं ते दाखवा. आणि मागणी शंभर टक्के बरोबर आहे. पुराच्या नुकसानीची यादी असो, दुधाचं फॅट असो, कॉलेजच्या पोरांनी केलेला सर्व्हे असो नाहीतर कोल्हापुरी चप्पल असो, माल किंवा माहिती कुठं तयार झाली, कुणाकुणाच्या हातातनं गेली, मध्ये कुणी काय बदललं आणि कधी बदललं याची नोंद पाहिजेच, नाहीतर विश्वास ठेवायचा कशावर. कम्प्युटरवाले हिला प्रोव्हेनन्स म्हणतात. पण ही नोंद उचलून दुसऱ्याला देताना तिच्याबरोबर त्या आकड्याला हात लावलेल्या प्रत्येक माणसाची माहिती पण जाते, आणि तिकडं आपल्याकडं कुणी बघतच नाही, हे सांगायला हे पत्र लिहितेय.

वेबचे नियम ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी म्हणून संस्था आहे, तिनं 2013 मध्ये या नोंदींसाठी प्रोव्ह नावाचं स्टँडर्ड काढलं. त्यात मुख्य गोष्टी तीनच, एक वस्तू, म्हणजे फाईल, आकडा, फोटो काय असेल ते, दुसरं तिच्यावर झालेलं काम, आणि तिसरं ते काम कुणी केलं. म्हणजे बघा, माणूस या नोंदीच्या मुळातच बसलाय. त्याला सरसकट काढून टाकलं तर नोंद पोकळ होते आणि आहे तसा ठेवला तर तो सगळ्यांसमोर येतो. सगळी अडचण इथंच आहे.

मी गावोगावच्या दूध संस्था आणि बचत गटांचं कम्प्युटरचं काम करते, म्हणून दुधाचंच उदाहरण देते. सकाळी संस्थेत सभासद किटली घेऊन येतो, दूध मापलं जातं, सॅम्पल मशीनला लागतं, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), लिटर, दर अशी चिठ्ठी निघते आणि नोंद पडते ती सभासदाच्या कोड नंबरवर. तिथनं दूध बल्क कूलरला, म्हणजे दूध थंड करून साठवायच्या मोठ्या टाकीला, मग टँकर, मग मोठा प्लांट. उद्या एखाद्या टँकरमध्ये भेसळ सापडली किंवा जनावराच्या औषधाचा अंश सापडला तर मागं मागं जात नेमक्या संस्थेपर्यंत आणि नेमक्या पाळीपर्यंत पोचता आलं पाहिजे, नाहीतर एकाच्या चुकीपायी अख्ख्या रूटचं दूध परत येतं. त्यामुळं ही नोंद बारकाईनं ठेवा असं मी प्रत्येक सेक्रेटरीला सांगत असते.

आता हीच नोंद कुणीतरी मागतो. कधी खरेदीदार कंपनी, कधी प्रोजेक्ट करणारी मुलं, कधी ॲपवाले. आणि संस्थेत काय होतं, सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्टचं बटन असतं ते दाबलं, आली ती एक्सेल मेल केली, झालं काम. त्या एक्सेलमध्ये कोण किती दूध घालतो, किती ॲडव्हान्स उचललाय, पशुखाद्याचं किती कापलं, पैसे कुठल्या खात्यावर जातात, सगळं असतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, अहो ताई नाव काढलंय, नुसता कोड आहे! पण गावात कोड नंबर काय गुपित असतो का? रोज सकाळ संध्याकाळ तो मोठ्यानं पुकारला जातो, बोनसची यादी त्यावर लागते, शेजारच्या पोराला शेजाऱ्याचा कोड पाठ असतो. बाहेरच्या माणसाला तो नंबर आहे, गावाला ते सरळ सरळ नाव आहे.

बरं कोड बदलून दुसरा टाकला तरी भागत नाही. रोज पहाटे पहिलं दूध घालणारा आणि तेही वीस बावीस लिटर, असा माणूस एका गावात कितीसे असणार? एखाद्याचं दूध अचानक चार दिवस बंद झालं, त्या घरात कुणी गेलं असेल किंवा कुणी दवाखान्यात असेल, गावातल्या माणसाला तारीख बघितल्या बघितल्या कळतं. लिटर निम्म्यावर आलं तर म्हैस आटली किंवा विकली, आणि विकली असेल तर पैशाची नड आहे, हे सावकाराला कळायला वेळ लागत नाही. कुठं एक शब्द लिहिलेला नसतो, पण वेळ, तारीख आणि क्रम यातनं सगळं वाचता येतं. नोंदीतनं नाव काढलं की काम संपलं असं समजणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

मग द्यायचं काय? तर मागणाऱ्याला ज्याच्यासाठी पाहिजे तेवढंच. खरेदीदाराला बघायचंय दूध चांगलं आहे का आणि वाटेत काही गडबड झाली का. त्याला संस्था, पाळी, कूलरला किती वाजता गेलं, किती तापमानाला थंड केलं, टेस्टचा रिझल्ट, टँकरचा सील नंबर एवढं दिलं की त्याचं समाधान व्हायला हरकत नाही. सभासदांची बारीक नोंद एकत्र करून "या संस्थेचे सकाळच्या पाळीचे सभासद" असा एकच घटक दाखवायचा. साखळी कुठं तुटत नाही, आतलं फक्त झाकलं जातं. यात सुद्धा एक बघायला लागतं, त्या पाळीला दोनच सभासद असतील तर असं एकत्र करून काही उपयोग नाही, तिथं दोन तीन पाळ्या मिळून दाखवायला लागतात. आणि उद्या खरंच दूध खराब निघालं तर पूर्ण नोंद संस्थेकडं आहेच की, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ती दाखवता येते.

थोडं शिकलेले लोक म्हणतात आम्ही मोबाईल नंबर तसा देत नाही, हॅश करून देतो, म्हणजे नंबराच्या जागी अक्षरं आकड्यांची लांबलचक ओळ येते. यावर न्यूयॉर्कचा किस्सा सांगण्यासारखा आहे. तिथल्या टॅक्सींच्या 2013 सालच्या सगळ्या फेऱ्यांचा डेटा तिथल्या माहिती अधिकारात एकानं मागून घेतला, 2014 मध्ये तो इंटरनेटवर आला, सतरा कोटींच्या वर फेऱ्या होत्या. टॅक्सीचे आणि ड्रायव्हरच्या लायसनचे नंबर हॅश केलेले होते. पण तसे नंबर असून असून किती असणार, एका इंजिनिअरनं शक्य तेवढे सगळे नंबर घेतले, त्यांचे हॅश काढले, यादीशी जुळवले आणि काही तासात सगळं उघडं केलं. आपले मोबाईल नंबर दहा आकडी आणि सुरुवात 6, 7, 8 नाहीतर 9 नं, म्हणजे जास्तीत जास्त चारशे कोटी. माणसाला हा आकडा मोठा वाटतो, कम्प्युटरला नाही. हॅशच करायचं असेल तर त्यात एक गुप्त किल्ली मिसळायची आणि ती डेटाबरोबर द्यायची नाही, नाहीतर सरळ कसलाही संबंध नसलेला नवा नंबर द्यायचा आणि कुठला नंबर कुणाचा याची यादी कुलपात ठेवायची.

हे फक्त आमच्या खेड्यापाड्यातच होतं असं कुणी समजू नये. फेब्रुवारी 2003 मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयानं इराकवरचा अहवाल वेबसाईटवर टाकला, वर्डची फाईल होती, आणि त्या फाईलच्या पोटात ती शेवटी कुणी कुणी उघडून सेव्ह केली त्यांची नावं तशीच राहिली होती, लोकांनी ती काढून जगाला दाखवली. आणि याच्याहून वाईट प्रकार ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये झाला. माहिती अधिकाराच्या एका अर्जाला पोलिसांनी एक्सेलमध्ये उत्तर दिलं, ज्यातनं आकडे काढले होते ती मूळ शीट त्यातच लपलेली राहिली, आणि जवळपास दहा हजार पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं बाहेर पडली. तिथला पोलिसांवरच्या हल्ल्यांचा इतिहास बघता पोलिसाचं नाव बाहेर येणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्यांना पुढच्या वर्षी साडेसात लाख पौंडाचा दंड झाला. विचारलं होतं फक्त किती कर्मचारी आहेत, दिला गेला आकडा ज्यातनं निघाला तो सगळा कच्चा माल.

आपल्या कुठल्याही ऑफिसात जाऊन बघा, एक्सेलमधला कॉलम हाईड केला की तो गेला असंच समजतात. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढतात, पण पट्टीखालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी केला की जसाच्या तसा येतो. कामाच्या जागेवर काढलेल्या फोटोत बऱ्याचदा लोकेशन असतं, कुठल्या मोबाईलवर काढला ते असतं. हे सगळं प्रोव्हेनन्सच आहे, फक्त आपण ते ठेवतोय आणि वाटतोय हे आपल्याला माहीत नसतं.

आता पुराकडं येते, कारण खरा राग मला तिथला आहे. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी, 39 फुटाला इशारा आणि 43 फुटाला धोका, हे आकडे पावसाळ्यात कोल्हापुरातल्या लहान पोराला पण पाठ असतात. या आकड्याची हकीकत अगदी उघडी असावी, कुठल्या पट्टीवर मापलं, किती वाजता मापलं, आधीचं रीडिंग काय होतं, त्यात कुणाच्या घरातलं काही येत नाही. पण त्याच पुरानंतर होणारा पंचनामा हा वेगळा विषय आहे. 2021 च्या पुरानंतर एका ठिकाणच्या नुकसानीची यादी व्हॉट्सॲपवर फिरायला लागली, आणि नुसती यादी नाही, मागच्या बदलांची शीट पण त्यातच. कुठलं घर आधी "पूर्ण पडझड" होतं आणि मग "अंशतः" झालं, का झालं, तर "तक्रारीवरून फेरपाहणी", आणि त्याच्या पुढच्या रकान्यात तक्रार करणाऱ्याचं नाव आणि मोबाईल. ज्यानं कुणी ती फाईल बाहेर दिली त्याला वाटलं असेल आपण पारदर्शक कारभार करतोय. तक्रार करणारी एक बाई होती, एकटी राहणारी, तिचं म्हणणं खरं निघालं होतं म्हणूनच तर आकडा बदलला होता. पण भावकीत तिच्याशी बोलणं बंद झालं, तिच्या दारात जाऊन लोक नको ते बोलून आले, घरासमोरचं छोटं दुकान होतं तिथं गिऱ्हाईक यायचं थांबलं. चुकीचा आकडा दुरुस्त करायला मदत केली त्याची ही शिक्षा.

आणि याचा पुढचा परिणाम आणखी वाईट आहे, तो मी डोळ्यांनी बघितलाय. अशी एक फाईल फिरली की पुढच्या वेळेला कुणी तक्रार नोंदवत नाही. सर्व्हे करणारी मुलं स्वतःच्या नावानं लॉगिन करायला घाबरतात, सगळे मिळून एकच ॲडमिनचं लॉगिन वापरतात, बदलाचं कारण लिहायच्या जागी नुसतं "दुरुस्ती" लिहितात किंवा एक टिंब देऊन पुढं जातात. म्हणजे कागदावर नोंद पूर्ण आणि आत काहीच नाही. लोक खरं तेव्हाच लिहितील जेव्हा लिहिलेलं गावभर होणार नाही याची त्यांना खात्री असेल. म्हणून माहिती जपणं हे पारदर्शकतेच्या आड येतं असं जे बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही, जपलं नाही तर दाखवायला खरी नोंदच शिल्लक राहणार नाही.

पण मग दुसऱ्या टोकाला जाणारे पण आहेत, काहीच देऊ नका म्हणणारे. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत आहे. याच कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम पण बदललंय. कायदा पाहिजेच होता यात वाद नाही, पण त्याचं नाव पुढं करून रस्त्याचं बिल कुणी पास केलं, पंचनाम्यातला आकडा कुठल्या पातळीवर खाली आला हे सुद्धा आता मिळणार नाही असं कुणी म्हणायला लागलं तर ते खपवून घेता कामा नये. सरकारी पदावर बसून आकडा बदलणारा आणि स्वतःच्या पडक्या घराची माहिती देणारा यांना एका मापानं मोजायचं नाही. पहिल्याचं पद, तारीख आणि कारण दिसलंच पाहिजे, त्याच्या घरचा पत्ता आणि खासगी नंबर कुणाला नकोय. दुसऱ्याचं नाव झाकलंच पाहिजे. जबाबदारी कुणावर आहे आणि त्रास कुणाला होऊ शकतो, हे दोन प्रश्न प्रत्येक रकान्याला विचारले तर बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात.

प्रत्येक वेळी नाव झाकणं हेच बरोबर असंही नाही. आपल्या चपलेचंच घ्या. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे हा माल याच भागातला असं सांगणारं भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव सुद्धा घेतलं नाही, तेव्हा इथं किती संताप झाला ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून क्यूआर कोडची चर्चा जोरात आहे, कोड स्कॅन केला की चप्पल कुठल्या जिल्ह्यातली, कुणी केली, कशी केली ते दिसावं म्हणून. इथं कारागिराचं नाव झाकणं हा त्याच्यावर अन्याय होईल, पिढ्यानपिढ्या ज्यांचं नाव कुणी लावलं नाही त्यांचं नाव लागतंय ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याला विचारून लावा. नाव पाहिजे का, गाव पाहिजे का, मोबाईल नंबर सगळ्यांना दिसावा का फक्त घाऊक गिऱ्हाइकाला, हे त्यानं ठरवायचं. आणि चामडं कुणाकडनं आलं, कुठल्या गाडीनं आलं, ही नावं पब्लिक कोडमध्ये टाकायची अजिबात गरज नाही. त्यातनं कुणाला काय त्रास होऊ शकतो हे आजच्या काळात वेगळं सांगायला नको. गिऱ्हाइकाला "वनस्पतींनी कमावलेलं चामडं, तपासलेला पुरवठादार" एवढं पुरेसं आहे, पुरवठादार कोण ते तपासणी करणाऱ्या यंत्रणेला माहीत असलं म्हणजे झालं.

आता झाकायचं कसं याबद्दल एकच मुद्दा, पण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जिथं काही काढलंय तिथं काढलंय म्हणून लिहा. गुपचूप ओळ उडवली की वाचणाऱ्याला साखळी पूर्ण वाटते आणि तो फसतो, आणि उद्या ते उघडकीला आलं की सगळ्याच नोंदीवरचा विश्वास जातो. फोटो आणि व्हिडिओ खरा की बनावट हे ओळखता यावं म्हणून 2021 पासून सीटूपीए नावाचं स्टँडर्ड तयार होतंय, बीबीसी, ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट असे सगळे त्यात आहेत. त्यात सोय अशी आहे की नोंदीतली एखादी गोष्ट, समजा फोटो काढल्याचं ठिकाण, काढून टाकता येतं, पण काढल्याची खूण नोंदीत राहते. आपल्याला एवढं मोठं तंत्र नको, "इथं एक टप्पा झाकला आहे, कारण तक्रारदाराची ओळख, पूर्ण नोंद अमुक कार्यालयात" अशी ओळ मराठीत लिहिली तरी काम होतं. शिवाय पूर्ण नोंदीचा डिजिटल ठसा, म्हणजे अख्ख्या फाईलचा हॅश, आधीच काढून जाहीर करून ठेवला तर नंतर तपासणी करणाऱ्याला आतली नोंद कुणी बदलली नाही ना हे ताडून बघता येतं, ती नोंद सगळ्यांना न दाखवता. आणि झाकायचं तर सगळ्यांच्याच बाबतीत झाका, पन्नास ओळीतली एकच काळी केली की अख्खं गाव त्या एका ओळीच्या मागं लागतं.

म्हणून जिल्हा प्रशासन, सहकारी संस्था आणि विद्यापीठ, सगळ्यांना विनंती आहे की नोंदीच्या दोन प्रती ठेवायची पद्धत लावा. एक पूर्ण, ती आत राहील, कुणी उघडली, कधी उघडली तेही तिथं नोंदवलं जाईल. दुसरी बाहेर द्यायची, ती वेगळी नवीन फाईल म्हणून बनवा, मूळ फाईलचे कॉलम हाईड करून नको. बाहेर द्यायच्या आधी तो भाग ओळखणाऱ्या एखाद्या माणसाला ती दाखवा आणि विचारा, यातनं तुला कोण ओळखू येतंय का. तो ज्या ओळीवर बोट ठेवेल ती ओळ सुधारा. याला सॉफ्टवेअर लागत नाही, खर्च नाही, अर्धा तास लागतो.

आणि संपादकसाहेब, आपल्याकडं पण एक मागणं आहे. लोक विश्वासानं तुम्हाला फाईली आणि फोटो पाठवतात, तुमचे बातमीदार यादीचा स्क्रीनशॉट लावतात, त्यात कोपऱ्यात कधी नंबर दिसतो, कधी फाईलच्या नावातच पाठवणाऱ्याचं नाव असतं. ते बघून, पुसून मग लावा, आणि बातमीत "यादी आमच्याकडं आहे, नावं झाकली आहेत" असं स्पष्ट लिहा. येत्या पावसाळ्याच्या आत पंचनाम्याच्या फॉर्ममधला तक्रारदाराचा रकाना वेगळ्या शीटवर गेला का, एवढं तुमच्या बातमीदारांनी संबंधित कार्यालयात जाऊन विचारावं आणि काय उत्तर मिळतं ते छापावं.

आपली,
एक नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर